येतो

जर्नलच्या शेवटी यंदा एक पान वाढलं:
सर्वांगीण विकास. गुण पंचवीस.
खाली चार रिकाम्या ओळी
आणि सहीची चौकट.

त्यासाठी पुण्याहून एक बाई आल्या, दोन दिवस.
खुर्चीत कसं बसायचं, हात कसा मिळवायचा,
समोरच्याच्या डोळ्यांत किती सेकंद बघायचं.
मला उभं केलं. म्हणाल्या,
मुलीनं येतो, जातो म्हणू नये. येते म्हण.
वर्ग हसला.
निम्मा वर्ग बावड्याचा, मंगळवार पेठेचा,
घरी असंच बोलणारा. तोही हसला.
येते, म्हणाले मी,
आणि स्वतःच्याच तोंडात पाहुणी झाले.

आमचा प्रकल्प म्हणजे हात.
कोपराखालच्या स्नायूतली वीज पकडायची,
तिच्यावर प्लास्टिकची बोटं मिटवायची.
खोतमॅडम म्हणाल्या, आधी माणूस शोधा.
नेटवर नको. उद्यमनगरात.
बाबा तिथंच लेथवर. रात्री विचारलं.
भाकरी मोडता मोडता म्हणाले,
बोटं गेलेली माणसं?
कुठल्या गल्लीतली पाहिजेत?

बाळगोंडा मगदूम. पॉवर प्रेसवर एकोणीस वर्षं.
उजवी चार बोटं एका दुपारी गेली,
पाळी सुटायला दहा मिनिटं होती.
अंगठा तेवढा राहिला.
'अंगठाबहाद्दर झालो की गं,' म्हणाले,
आणि आता हसायचं का,
हे त्या दोन दिवसांत कुणी शिकवलं नव्हतं.

स्पिरिटचा बोळा गार लागून ते दचकले.
मी ग्राफकडेच बघत राहिले.
मूठ वळा, काका.
त्यांनी डोळे मिटले.
पडद्यावर रेघ उसळली, खाली आली, पुन्हा उसळली.
नसलेली बोटं आत कुठंतरी
अजून कामावर येत होती.
'येतंय का काय?'
येतंय, काका.

वही परत आली. मॅडमची लाल शाई:
सिग्नल उत्तम. माणूस कुठे आहे?

मग मी मोकळ्या हातानं जायला लागले.
काकी चहा टाकायच्या. काका दातानं पुडा फोडायचे.
माझ्या फॉर्मवर पर्याय होते:
ग्लास, किल्ली, पेन, शर्टाचं बटण.
त्यांनी फॉर्म बाजूला सारला.
'यादवनगरच्या कट्ट्यावर बसतोय आम्ही संध्याकाळी.
कुणी काय बोललं, हसलं, की दे टाळी.
आता मी हात पुढं केला
की गडी हसायचंच थांबत्यात.
तुझ्या यंत्रानं टाळी देता येती का?'

टाळीचा दाब किती, कुठल्या पुस्तकात नाही.
आम्ही दोघींनी, मी आणि तेहसीननं,
प्रयोगशाळेत एकमेकींना शंभर टाळ्या दिल्या,
सेन्सर लावून, तळवे लाल होईपर्यंत.
शिपाई दारातून बघून गेला.
बाबांनी अ‍ॅल्युमिनियमचा पंजा काढून दिला, रविवारी, बिनमजुरीचा.
तळव्याला स्कूटरच्या ट्यूबचं रबर.

अचूकता ब्याण्णव टक्के.
उरलेल्या आठांचं कारण सापडायला महिना गेला.
काका हसले की दंड हलतो,
दंड हलला की रेघ बिघडते,
आणि टाळी तर हसतानाच द्यायची असते.

परवा कट्ट्यावर पहिली टाळी झाली.
समोर शिवाप्पा वेल्डर, त्याचा हात म्हणजे फळी.
मधलं बोट निखळलं, उडालं, थेट गटारात.
क्षणभर सगळे गप्प.
मग कुणीतरी ओरडलं,
'बाळूचं बोट परत गेलं रे!'
आणि कट्टा असा फुटला,
काका सगळ्यांत जास्त, डोळ्यांतून पाणी,
उरलेला पंजा आपोआप उघडतोय, मिटतोय,
त्याला काहीच कळत नव्हतं.

मी गटाराशी उकिडवी, हातात काडी.
उद्या दुसरं घेऊन येतो, काका, म्हणालो.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जर्नल अजून दिलेलं नाही.
शुक्रवार शेवटची तारीख.